होन्नावरपासून सुकाणू माझ्याकडे

परत येऊन महिना होत आला तरी अंगातला शीण उतरलेला नाही. सकाळी केलगेरीच्या तळ्याकडे फिरायला निघते आणि अर्ध्या वाटेवरून माघारी येते. शेजारच्या शांतक्का फाटकातूनच विचारतात, "यंदा कसा झाला प्रवास?" मी म्हणते, "झाला." एवढ्यावर त्यांचं भागत नाही. धारवाडची माणसं समुद्रावर काय करायला जातात हे कोडं त्यांना आठ वर्षं पडलेलं आहे. म्हणून म्हटलं, एकदा सगळं लिहूनच काढावं.

मी मुलींच्या शाळेत एकतीस वर्षं गणित शिकवलं. आमचे हे पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. लग्नाला अडतीस वर्षं झाली. कॉलेजात असताना एनसीसीच्या नौदल शाखेत हे शिडाची होडी हाकायला शिकले होते, पण पुढे सगळी नोकरी कालव्यांच्या काठानं गेली. निवृत्त झाल्यावर गोव्यातल्या एका ओळखीतून पुन्हा शिडाला हात लागला, तो सुटलाच नाही. शिडाच्या बोटी बाळगणाऱ्या लोकांना बोटीवर यायलाच सवड नसते. त्यांची बोट कधी पणजीहून मालपेला न्यायची असते, कधी मालपेहून कोचीला. ते काम आम्ही दोघं हौसेनं करायचो. ह्यांची हौस, माझी सोबत. पहिल्या दोन वर्षांत मीही सुकाणू धरायला शिकले, पण ह्यांनी सांगायचं आणि मी वळवायचं, एवढंच.

यॉट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरे कपडे आणि सरबताचे ग्लास येतात. आमची यंदाची बोट 'मैना' तीस फुटांची होती. आतल्या खोलीत मान वाकवूनच उभं राहायचं. अंथरूण कायम दमट, सगळ्याला डिझेलचा वास, आणि संडासाला दर वेळी वीस-वीसदा पंप मारायचा. एक जण झोपला की दुसऱ्यानं वर बसून पहारा द्यायचा. खरं सांगते, मला हे तीन वर्षांपूर्वीच पुरे झालं होतं. गुडघे बोलायला लागले होते. प्रत्येक फेरीनंतर ठरवायची, आता सांगून टाकू. पण घरी आल्यावर हे भिंतीवरच्या नकाशापाशी उभे राहून नव्या वाटा काढायला लागायचे, आणि माझे शब्द तोंडातच राहायचे. यंदा मात्र पक्कं ठरवलं होतं. मालपेला बोट पोचवायची आणि परतीच्या बसमध्ये सांगायचं.

पणजी ते कारवार

जानेवारीत आपल्या किनाऱ्यावरचा वारा शहाण्या माणसासारखा वागतो. सकाळी जमिनीवरून येतो, त्याला पालापाचोळा जाळल्याचा वास असतो. दुपारी गळून पडतो. मग तीनच्या सुमाराला वायव्येकडून समुद्राचा वारा सुटतो, तो पाठीशी घेऊन दक्षिणेला जायचं. मांडवीच्या मुखातून उजाडता उजाडता बाहेर पडलो. खाणं घरून नेलं होतं: कडक भाकरी, शेंगांची चटणी, कारळाची चटणी, चुरमुरे. बोटीवर कडक भाकरीसारखं दुसरं अन्न नाही. आठ दिवस टिकते आणि पोटात काही हवं म्हटलं की नुसती चावत बसता येतं.

दुपारी ह्यांनी चहा केला आणि तो कपात ओतण्याऐवजी कपाच्या शेजारी ओतला, थेट माझ्या पायावर.

"बोट हलली," हे म्हणाले.

हलली असेल, असं मीही म्हटलं. पाय थंड पाण्यात बुडवून बसले. संध्याकाळी काळी नदीच्या तोंडाशी नांगर टाकला तेव्हा पुढे जाताना ह्यांचा उजवा खांदा डोलकाठीच्या तारेवर आपटला. त्या तारेशेजारून हे शंभरदा तरी गेले असतील. तेव्हाही मला वाटलं, दमले आहेत. सदुसष्टाव्या वर्षी माणूस दमणारच.

कारवार ते तदडी

कारवारला बंदर कचेरीत कागदपत्रं दाखवण्यात अर्धा दिवस गेला. साहेबांनी आमची वयं वाचली, आमच्याकडे बघितलं, पुन्हा वयं वाचली. "धारवाड?" त्यांनी कन्नडमध्ये विचारलं, "तिथे तर विहिरीलासुद्धा पाणी नसतं उन्हाळ्यात!" मग चहा पाजून सोडलं. दुसऱ्या दिवशी तदडीपर्यंतचा टप्पा लहान होता, तरी मला मोठा वाटला. हिरवे डोंगर समुद्रात उतरत होते, मधूनच वाळूची पांढरी पट्टी दिसत होती. पहिल्या वर्षी हे बघून मी रडले होते. यंदा बघितलं, आणि खाली जाऊन आडवी झाले.

तदडी ते होन्नावर

जे झालं ते तिसऱ्या टप्प्यावर. दुपारचा वारा पडला होता म्हणून इंजिन चालू होतं. समुद्र परातीसारखा सपाट. हे सुकाणूवर, मी खाली काकडी चोचवत होते. एकदम बोटीला आतून कुणीतरी धरल्यासारखा झटका बसला, इंजिन घुसमटलं आणि बंद पडलं.

वर आले तर बोटीच्या मागे बांबूच्या काठीवरचं काळं निशाण आडवं पडलेलं, आणि थर्माकोलचे तुकडे रांगेनं आमच्याकडे ओढले जात होते. आम्ही मासेमाऱ्यांच्या जाळ्यावरून गेलो होतो. जाळं पंख्यात गुंडाळलं गेलं होतं.

"निशाण दिसलं नाही?" मी विचारलं.

"लाटेमागे असेल."

"लाट कुठे आहे?"

मी उजवीकडे बघितलं. तिकडे आणखी दोन निशाणं होती, चांगली हातभर कापडाची, भर उन्हात फडकत होती. "ती दोन दिसतात?" मी विचारलं. ह्यांनी मान वळवली, आणखी वळवली, पार खांद्यापर्यंत वळवली, तेव्हा कुठे म्हणाले, "हो, दिसतात."

मला काहीतरी कळायला लागलं होतं, पण पुरतं कळायच्या आत एक होडी आमच्याकडे सुसाटत आली. तिच्यात तीन माणसं. सगळ्यात वयस्क माणूस, पांढऱ्या मिशांचा, उभा राहून ओरडत होता. पुढे त्याचं नाव कळलं, मंजण्णा. जवळ आल्यावर तो ह्यांच्याकडे हात करून म्हणाला, "कण्णु काणूदिल्वा निमगे?"

डोळे फुटले का तुमचे, असं आपण रस्त्यावर एखाद्याला म्हणतो, त्यातलाच तो प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं नसतं. पण ह्यांनी दिलं.

"काणसंगिल्ल, अण्णा," हे आमच्या धारवाडी कन्नडमध्ये हळूच म्हणाले. "बलगण्णु काणसंगिल्ल." दिसत नाही, दादा. उजवा डोळा दिसत नाही.

मंजण्णाचा हात वरच राहिला. मी ह्यांच्याकडे बघत राहिले. अडतीस वर्षं संसार केलेल्या बायकोला जे सांगितलं नव्हतं, ते ह्यांनी भर समुद्रात एका अनोळखी माणसाला सांगितलं होतं.

होडीतला एक जण दातात सुरी धरून पाण्यात उतरला. पंख्याभोवतीचं जाळं कापून काढायला त्याला बराच वेळ लागला. जाळ्याचं मोठं भगदाड झालं होतं. मी माफी मागितली तर मंजण्णा म्हणाला, "जाळं काय, डॉल्फिनसुद्धा फाडतात. शिवू." मग त्यानं विचारलं, "आता कुठे?"

"होन्नावर," मी म्हटलं.

"आधी आला आहात?"

"दोन वर्षांपूर्वी."

त्यानं नकारार्थी मान हलवली. शरावतीच्या मुखाशी वाळूचे दांडे आहेत, ते दर पावसाळ्यात जागा बदलतात. दोन वर्षांपूर्वीची वाट आता उरलेली नाही. "माझ्या मागे या," तो म्हणाला. "मी हात करेन तिकडे वळायचं. बरोबर माझ्या मागे, तसूभर इकडेतिकडे नाही." हे म्हणताना तो ह्यांच्याकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता.

हे सुकाणूवरून उठले आणि बाजूला बसले.

मी याआधी मुखातून बोट कधीच आत घेतली नव्हती. दोन्ही बाजूंना लाटा फुटत होत्या, मधे जेमतेम एका ट्रकची वाट. मंजण्णा होडीत पाठमोरा उभा. त्याचा डावा हात वर गेला की मी डावीकडे, उजवा गेला की उजवीकडे. हात घामानं निसटत होते. एकदा बोटीचा तळ वाळूला लागला, खरखर असा आवाज पायांतून वर आला, आणि माझ्या तोंडून किंकाळी गेली. मागून लाट आली, तिनं उचललं, आणि आम्ही आत. आत नदी एकदम शांत होती. नारळीची झाडं, कपडे धुणारी बाई, पाण्यात बसलेल्या म्हशी. नांगर टाकला आणि मी तिथेच, फळीवर, पाय पसरून बसले. उठवेना.

होन्नावर

मंजण्णानं आग्रहानं घरी नेलं. त्याची बायको गंगक्का माझ्याच वयाची, पण पाठ ताठ. मासळी बाजारातला माल तीच विकते, आणि कुठल्या दिवशी होडी बाहेर काढायची हेही तीच ठरवते, असं मंजण्णानंच कौतुकानं सांगितलं. आमच्याकडे पाहुणा आला की भाकरी थापायला लागतात. इथे उकड्या तांबड्या तांदळाची पेज पुढे आली, वाफाळती. आम्ही मासे खात नाही म्हटल्यावर गंगक्कानं जराही तोंड वाकडं केलं नाही, बरणीतून कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं काढलं. देठासकट घातलेल्या त्या कैऱ्या दाताखाली कुर्रकन फुटत होत्या. तशी भूक मला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

तिला सगळी हकिगत आधीच कळली होती. तिसऱ्यांदा पेज वाढताना तिनं मला विचारलं, "बोट तुम्ही नाही चालवत?"

"हेच चालवतात," मी म्हटलं. "मी मदतीला."

ती थांबली. पळी हातात तशीच. "अवरिगे काणूदिल्ल, नीवु नडसूदिल्ल. मत्ते दोणि यारु नडसूदु?"

त्यांना दिसत नाही, तुम्ही चालवत नाही, मग होडी चालवतं कोण?

टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. हे पानाकडे बघून जेवत राहिले.

बोटीवर परतल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"तीन वर्षं असतील. आधी कडेचं जायला लागलं. चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणून सुभाष रोडवरच्या चष्मेवाल्याला दाखवलं. त्यानं सांगितलं, चष्म्याचं काम नाही, डॉक्टरांकडे जा."

"मग?"

"नाही गेलो."

"का?"

"गेलो असतो तर त्यांनी सांगितलं असतं."

मग हे म्हणाले, "मालकांना फोन करू. बोट इथेच ठेवू. इथून हुबळीची बस आहे."

मला तेच हवं होतं. तीन वर्षं हवं होतं. पण बोट दुसऱ्याची, मालक म्हणाले माणूस पाठवायला पंधरा दिवस लागतील, आणि गणित अर्धवट ठेवून फळा पुसायची सवय मला कधीच नव्हती. मी मालकांना खरं ते सांगितलं: ह्यांना नीट दिसत नाही, पुढे न्यायची तर मी नेईन, फक्त दिवसा, चांगल्या हवेत. त्यांनी सगळं दोनदा विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, "वहिनी, तुम्हाला जमेल असं वाटत असेल तर न्या."

जमेल असं वाटत नव्हतं. "नेते," म्हटलं.

होन्नावर ते भटकळ

सकाळच्या भरतीला मंजण्णानं आम्हाला मुखाबाहेर काढून दिलं आणि हात हलवून तो आपल्या जाळ्यांकडे गेला. आता पुढे कोणाची पाठ नव्हती. मी सुकाणूवर आणि हे शिडाच्या दोऱ्यांपाशी. दिसतं ते सगळं मी मोठ्यानं सांगायचं असं ठरलं. "डावीकडे दोन ट्रॉलर, मधे मोकळं. समोर निशाण, मी उजवीकडे घेते." ह्यांच्या हातांना मात्र डोळ्यांची गरज पडत नव्हती. कुठली दोरी कुठल्या खुंटीला, किती सोडायची, हे सगळं बोटांना पाठ.

मुरुडेश्वराची मूर्ती डाव्या हाताला मोठी होत गेली आणि मागे पडली. मग माझा राग वर आला. तो आदल्या दिवशीच यायला हवा होता, पण भीतीनं त्याला जागा दिली नव्हती.

"तीन वर्षं मी खाली झोपत होते," मी म्हटलं. "तुम्ही वर पहाऱ्याला आहात म्हणून निर्धास्त झोपत होते."

"सांगितलं असतं तर तू येऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं! मग?"

"पहाऱ्यावर असताना मी एकदाही डोळा मिटला नाही. शपथ."

"मिटला काय आणि उघडा काय!"

बोलले आणि तोंड फिरवलं. फार लागलं असणार. पण शब्द परत घ्यावासा वाटला नाही. भटकळच्या खाडीत नांगर पडेपर्यंत मी फक्त ट्रॉलर आणि निशाणं सांगितली, दुसरं अक्षर नाही. हेही "बरं" एवढंच म्हणत होते. जेवताना ह्यांनी चटणीचा डबा चाचपून माझ्याकडे सरकवला. मी घेतली.

भटकळ ते मालपे

हा टप्पा सगळ्यात लांब. पहाटेच निघालो. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं, इतकं की मला डुलकी यायला लागली. पाठ, खांदे, मान, एकेक जण आपापली तक्रार सांगत होता. उन्हानं ओठ फुटले होते.

हे एकदम म्हणाले, "शीड लहान कर."

मी मागे बघितलं. समुद्र होता तसाच. "काही दिसत नाही मला."

"मलाही दिसत नाही. मानेला लागतोय. लहान करू या, आत्ता."

क्षणभर वाटलं, म्हणावं, राहू द्या. पण म्हटलं नाही. मी बोट वाऱ्यात धरली, हे पुढे सरपटत गेले आणि दोघांनी मिळून शीड खाली ओढून बांधलं. शेवटची गाठ बसते न बसते तोच मागून पाणी काळं होत आलं आणि वारा असा आदळला की 'मैना' एका कुशीवर झाली. खालचे डबे गडगडले. पूर्ण शीड असतं तर काय झालं असतं, ते मी इथे लिहीत नाही. पुढचे तीन तास आम्ही पळत होतो. हे माझ्या शेजारी बसून मान किंचित तिरकी करून सांगत होते, "आता येईल. आता सैल सोड. आता धर." मी सांगत होते, "निशाण. ट्रॉलर. मोकळं." दोघं मिळून धड एक खलाशी झालो होतो.

मालपेच्या बेटांची काळी रेघ दिसली तेव्हा सूर्य टेकायला आला होता. बंदरात शिरताना धक्क्यावरच्या माणसानं दोरी झेलली आणि सवयीनं ह्यांना विचारलं, "कॅप्टन, कुठून आलात?"

"कॅप्टन ह्या आहेत," हे माझ्याकडे हात करून म्हणाले.

मला आनंद वगैरे झाला नाही. मला झोप आली होती.

हुबळी, मग घर

परतीच्या बसमध्ये सांगायचं ठरवलेलं मी सांगितलं नाही. आता सांगितलं तर ह्यांच्या डोळ्यामुळेच मी थांबतेय असं ह्यांना वाटलं असतं. बस हुबळीला पोचली तशा मिठानं पांढऱ्या झालेल्या पिशव्या घेऊन आम्ही सरळ डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. बऱ्याच तपासण्या झाल्या. काचबिंदू आहे म्हणाल्या. उजव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही, डाव्याचं जे उरलंय ते थेंबांनी टिकवायचं, जन्मभर. "आधी आला असतात तर," असं त्या म्हणायला लागल्या आणि माझ्याकडे बघून थांबल्या.

धारवाडच्या बसमध्ये रायापूरपर्यंत हे खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "एवढ्या जाहिराती आहेत या रस्त्याला, मला माहीतच नव्हतं. मान पूर्ण वळवली की दिसतात." मी ह्यांचा हात धरला. राग गेला नव्हता, पण हात धरला.

आता रोज सकाळ-संध्याकाळ थेंब घालायचे असतात. हे खुर्चीत मान मागे टाकून बसतात. थेंब घातल्यावर नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून पाच मिनिटं डोळे मिटून राहायचं. वेळ मी बघते.

गेल्या रविवारी हे असे बसलेले असतानाच बोटमालकांचा फोन आला. दुसरी एक बोट मार्चमध्ये कोचीला न्यायची आहे, या वेळी सोबत एक खलाशी देतो, पण बोट वहिनींनीच न्यावी. मालपेला बोट फार चांगल्या स्थितीत मिळाली, असंही म्हणाले.

"नाही हो," मी म्हटलं. "मी दमले आहे. यापुढे नाही."

फोन ठेवला. हे डोळे मिटूनच होते.

"माझ्यामुळे नाही म्हणालीस?"

"नाही. माझ्यामुळे. मला तीन वर्षांपासून नको होतं."

ह्यांच्या कपाळावर आठी आली, गेली. एक थेंब गालावरून ओघळला, तो औषधाचा होता की काय ते मी बघितलं नाही, पुसला फक्त. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली, तिसरी झाली.

मग हे म्हणाले, "पाच मिनिटं झाली का गं?"

केव्हाच झाली होती.

"अजून नाही," मी म्हटलं, आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.